शॉन कॅव्हना : मधल्या फळीतून टीव्हीच्या खुर्चीत

प्रश्न असा आहे : गेलिक फुटबॉलमध्ये मिडफिल्डर नेमकं काय करतो? टिरोनच्या शॉन कॅव्हनासारखा खेळाडू निवृत्त होऊन टीव्हीवर विश्लेषक म्हणून बसतो तेव्हा मैदानावरचं कोणतं ज्ञान कामी येतं आणि कोणतं नव्याने शिकावं लागतं? आणि ‘ब्लॅक कार्ड (मुद्दाम केलेल्या फाउलसाठी खेळाडूला बाहेर काढणारं) कॅव्हनामुळेच आलं’ असं लोक म्हणतात, हे खरं का?

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे. नाही, खरं नाही. ब्लॅक कार्डचा ठराव गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या खेळाच्या नियामक संघटनेच्या अधिवेशनात मार्च २०१३ मध्येच मंजूर झाला होता. कॅव्हनाचा तो गाजलेला फाउल ३ ऑगस्ट २०१३ चा, आणि नियम लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. ठराव आणि अंमलबजावणी यांच्या मधल्या फटीत हा प्रसंग घडला, म्हणून लोकांच्या डोक्यात क्रम उलटा बसला. त्या फाउलकडे पुढे येतोच.

ज्यांनी हा आयरिश खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे. दोन्हीकडे १५ जण. मैदान १३० ते १४५ मीटर लांब, ८० ते ९० मीटर रुंद, म्हणजे सॉकरच्या मैदानापेक्षा चांगलंच मोठं. गोलपोस्ट एच अक्षराच्या आकाराचे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की १ पॉइंट, दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे ३. धावसंख्या लिहिताना गोल आणि पॉइंट वेगळे लिहितात : १-१५ म्हणजे एक गोल, पंधरा पॉइंट, एकूण १८. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांत तो एकदा जमिनीवर आपटून घ्यायचा किंवा पायावरून परत हातात उडवायचा. लागोपाठ दोनदा आपटलेला चालत नाही. आणि जमिनीवर पडलेला चेंडू थेट हाताने उचलायचा नाही. बुटाचं टोक खाली घालून वर काढावा लागतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काउंटीचा सामना ७० मिनिटांचा. खेळाडूंना पगार नाही. हा आजही हौशी खेळ आहे. क्रोक पार्कवर ८२ हजार लोकांसमोर रविवारी खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा ऑफिसला जातो. कॅव्हना स्वतः व्यवसायाने अकाउंटंट.

आता मिडफिल्डर. सहा बचावपटू, सहा आक्रमक आणि मध्ये दोघंच, ८ आणि ९ नंबरचे. सामन्यात सगळ्यात जास्त धावपळ याच दोघांच्या वाट्याला. पण त्यांची खरी कसोटी किक-आउटला. पॉइंट झाला किंवा चेंडू गोलरेषेबाहेर गेला की गोलकीपर चेंडू पुन्हा खेळात आणतो. एका सामन्यात हे चाळीसच्या आसपास वेळा सहज होतं. सामन्याचा पाया तिथेच पडतो, कारण बाकी काही करायचं तर आधी चेंडू हातात हवा.

लांब किक-आउटला चेंडू पन्नास-साठ मीटरवर उंचावरून खाली येतो. चांगला मिडफिल्डर चेंडू पडणार त्या जागी आधी जाऊन उभा राहत नाही. तो चार-पाच मीटर मागे थांबतो, शेवटच्या क्षणी धाव घेतो, एका पायावर उडी मारतो आणि दुसरा गुडघा वर घेतो. गुडघ्याने उंची मिळते आणि फासळ्याही वाचतात. दोन्ही पायांवर जागच्या जागी उडी मारणारा नेहमी वीतभर कमी पडतो. हात डोळ्यांच्या वर, बोटं पसरलेली, अंगठे एकमेकांजवळ. झेल शक्य नसेल तर चेंडू मुठीने ढकलायचा, पण कुठे ते उडी मारण्याआधीच ठरलेलं हवं. नुसता उडवून लावलेला चेंडू बहुतेक वेळा समोरच्याच्या ताब्यात जातो.

बहुतेक किक-आउट झेलले जात नाहीत, फुटतात. त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. चेंडू फुटून जमिनीवर पडला की वर सांगितलेला नियम आड येतो : वाकून, बुटाचं टोक खाली घालून उचलावा लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात खांद्याचा धक्का बसतो. म्हणून हवेत एकाने जायचं आणि बाकीच्या दोघा-तिघांनी पाच ते आठ मीटरच्या वर्तुळात, जमिनीवर, वाट पाहायची. सगळ्यात जुनी चूक इथेच होते : एकाच संघाचे तिघं एका चेंडूसाठी उडतात आणि खाली उचलायला कोणीच उरत नाही.

कॅव्हना या कामाचा उत्तम कारागीर होता, पण निव्वळ झेलकरी नव्हता. जन्म १९८३ चा, गाव मॉय. ब्लॅकवॉटर नदीच्या काठावरचं हे गाव टिरोन काउंटीच्या अगदी शिवेवर आहे. नदी ओलांडली की आर्मा. (उच्चार ‘टिरोन’, जोर ‘रोन’वर, ‘टायरोन’ म्हटलं की तिथला माणूस लगेच ओळखतो की तुम्ही बाहेरचे.) त्याने २००२ मध्ये काउंटीच्या मुख्य संघात पदार्पण केलं. पुढच्याच वर्षी मिकी हार्ट प्रशिक्षक झाले आणि टिरोनने इतिहासातलं पहिलं ऑल-आयर्लंड विजेतेपद जिंकलं, तेही अंतिम सामन्यात शेजारच्या आर्माला ०-१२ विरुद्ध ०-९ असं हरवून. मॉयसारख्या गावात त्या निकालाचा अर्थ काय असेल ते सांगायला नको.

त्याच मोसमात उपांत्य फेरीत टिरोनने केरीला ०-१३ विरुद्ध ०-६ असं गुदमरवलं. चेंडू केरीच्या खेळाडूकडे गेला की तीन-चार टिरोनवाले त्याच्याभोवती जमत. केरीचा माजी दिग्गज पॅट स्पिलेन तेव्हा आयरिश राष्ट्रीय वाहिनी आरटीईच्या स्टुडिओत बसत असे. त्याने या खेळाला ‘प्यूक फुटबॉल’, म्हणजे ओकारी आणणारं फुटबॉल, असं नाव दिलं, आणि ते आजतागायत चिकटून आहे. मला ते शेरेबाजीचं उत्तम आणि विश्लेषणाचं वाईट उदाहरण वाटतं. घोळका कसा जमत होता? आक्रमक फळीतले खेळाडू मागे धावत येत होते, आणि बाजूचा माणूस पासची वाट बंद करत असताना दुसरा चेंडूवर हात मारत होता. हे त्या दिवशी दाखवता आलं असतं. दाखवलं गेलं ते नाक मुरडणं.

कॅव्हनाला २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं मिडफिल्डर म्हणून ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा जणांत निवड होण्याचा मान, मिळाला. २००५ मध्ये अंतिम फेरीत टिरोनने केरीला १-१६ विरुद्ध २-१० असं हरवलं. मग २००८ मध्ये हार्टनी त्याला गोलसमोर, फुल-फॉरवर्डच्या जागी खेळवलं आणि अंतिम फेरीत पुन्हा केरीविरुद्ध त्याने चालू खेळातून पाच पॉइंट मारले. फ्री-किकवरचा एकही नाही. निकाल १-१५ विरुद्ध ०-१४, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मिडफिल्डरला पुढे नेण्यात हार्टचा हिशेब साधा होता : साठ मीटरवरून पळत यायची सवय असलेल्या माणसाला वीस मीटरवर चेंडू मिळाला तर त्याला थांबवणारा एकच बचावपटू असतो, आणि एकास एक असताना कॅव्हनाची हूल कोणालाच झेपत नव्हती. ती हूल शंभरदा पाहूनही फसवायची. पाय चेंडूकडे निघतो, खांदा खाली जातो, बचावपटू अडवायला हात पुढे घालतो. चेंडू मात्र हातातून सुटलेलाच नसतो, आणि कॅव्हना दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो. त्याचे एकूण पाच ऑल-स्टार. शेवटचे दोन, २००८ आणि २०१३ चे, आक्रमक फळीत.

दरम्यान त्याचं मूळ काम बदलत चाललं होतं. डब्लिनचा गोलकीपर स्टीफन क्लक्स्टन याने किक-आउट म्हणजे जोरात मारलेला चेंडू ही समजूतच मोडीत काढली. पॉइंट पडताच, समोरचा संघ जागेवर यायच्या आत, तो तीस मीटरवर मोकळ्या माणसाच्या छातीवर चेंडू ठेवू लागला. बाकीच्यांनी नक्कल केली आणि उंच झेल दुर्मिळ झाला. तो परत यावा म्हणून २०१७ पासून ‘मार्क’ आला : किक-आउटवरचा चेंडू दोन्ही ४५ मीटर रेषांच्या मध्ये स्वच्छ झेलला तर झेलणाऱ्याला फ्री-किक. त्याआधी झेल घेऊन खाली उतरलेल्या माणसाभोवती तिघं जमायचे आणि रेफरी त्यालाच ‘चेंडू जास्त वेळ धरला’ म्हणून शिट्टी मारायचा. कॅव्हनाला या नियमाचा लाभ एकाच मोसमात मिळाला. २०१६ आणि २०१७ मध्ये त्याच्या कर्णधारपदाखाली टिरोनने अल्स्टर प्रांताची स्पर्धा जिंकली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उपांत्य फेरीत डब्लिनकडून २-१७ विरुद्ध ०-११ असा मार खाऊन त्याची काउंटी कारकीर्द संपली. क्लबचं मात्र संपलं नव्हतं : २०१८ मध्ये मॉयने क्रोक पार्कवर मधल्या श्रेणीचं ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपद जिंकलं.

आता तो फाउल. २०१३ ची उपांत्यपूर्व फेरी, टिरोन विरुद्ध मॉनहन. मॉनहनचा कॉनर मॅकमॅनस गोलच्या दिशेने मोकळा सुटला. कॅव्हनाने मागून गाठून त्याला रग्बीतल्यासारखं कवेत घेऊन पाडलं. शिक्षा : पिवळं कार्ड आणि फ्री-किक. टिरोन ०-१४ विरुद्ध ०-१२ असं जिंकलं. त्यानंतर स्टुडिओत जो ब्रॉली, डेरीचा माजी आक्रमक आणि पेशाने बॅरिस्टर, असा भडकला की त्याने कॅव्हनाच्या खेळावर नाही तर माणूसपणावरच बोट ठेवलं. आयर्लंडमध्ये ती क्लिप अजूनही फिरते.

रागापलीकडे जाऊन पाहिलं तर तिथे गणित आहे. गोल झाला असता तर ३ गेले असते. पाडल्यावर फ्री-किकवर बहुधा १. म्हणजे एका पिवळ्या कार्डाच्या बदल्यात दोन वाचले. नियमच असा असेल तर खेळाडू तो सौदा करणारच, आणि तेव्हा सगळेच संघ करत होते. ब्लॅक कार्डने सौद्याची किंमत वाढवली. आधी खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी बाहेर, पण बदली खेळाडू आत. सामन्याची पाचच मिनिटं उरली असतील तर ही शिक्षा काहीच नव्हती, म्हणून २०२० पासून दहा मिनिटं बाहेर आणि तोवर संघ एकाने कमी. २०२१ पासून गोलची स्पष्ट संधी २० मीटर रेषेच्या आत किंवा तिथल्या कमानीत अशी मारली तर वर पेनल्टीही. दर टप्प्यावर आधीच्या नियमातली पळवाट बुजवली गेली. त्या दिवशी स्टुडिओत हा हिशेब फळ्यावर मांडला असता तर प्रेक्षकाला जास्त कळलं असतं. अर्थात क्लिप एवढी फिरली नसती.

नंतर कॅव्हना त्याच आरटीईच्या ‘द संडे गेम’मध्ये विश्लेषक म्हणून बसू लागला. १९७९ पासून चालू असलेला हा कार्यक्रम रविवारी रात्री घरोघरी लागतो, आणि सोमवारी गावोगावी वाद त्याच्यावरच होतात. त्याच्या वजनाची दुसरी बाजूही आहे : तिथे एखादी मारामारी तीनदा दाखवली की स्पर्धा नियंत्रण समिती कारवाई करते, असा खेळाडूंचा जुना आरोप आहे. त्यामुळे विश्लेषकाने कोणती क्लिप मागितली याला मोल असतं.

मिडफिल्डरचा फायदा असा की त्याला चेंडू येण्याआधीचं पाहायची सवय असते. कॅमेरा चेंडूमागे धावतो. कॉर्नरचा आक्रमक स्टुडिओत बसला की फटक्याबद्दल छान बोलतो. मिडफिल्डर सांगू शकतो की फटका मारणारा मोकळा का सापडला. पण हे डोक्यात असणं आणि चाळीस सेकंदांत दाखवता येणं यात फार अंतर आहे.

पहिली अडचण चित्राची. पॉइंट झाला की दिग्दर्शक मारणाऱ्याचा चेहरा दाखवतो, मग रिप्ले. तेवढ्यात किक-आउट होऊन जातो. क्लक्स्टनच्या काळात प्रेक्षक परत मैदानावर येईपर्यंत चेंडू मध्यरेषेजवळ पोचलेला असे. म्हणजे मिडफिल्डरला जे दाखवायचंय ते प्रक्षेपणात नसतंच. त्यासाठी गोलमागच्या किंवा स्टँडच्या उंच टोकावरच्या स्थिर, रुंद कॅमेऱ्याचं चित्रण मागून घ्यावं लागतं, तेही सामन्याआधी. क्लिप गोलकीपरचा पाय चेंडूला लागायच्या सहा ते आठ सेकंद आधी सुरू करायची. सगळी चोरटी धावपळ तिथेच असते : एक जण आपल्या माणसाला बाजूला ओढून नेतो आणि दुसरा त्या मोकळ्या जागेत शिरतो. नवखा विश्लेषक क्लिप किकपासून सुरू करतो आणि मग तोंडाने सांगत बसतो की ‘आधी तो तिकडे होता’.

दुसरं, नोंद. प्रत्येक किक-आउटला एक ओळ : मिनिट, कोणाचा, आखूड की लांब, डावीकडे की उजवीकडे, स्वच्छ झेल की ब्रेक, चेंडू कोणाला, आणि पुढच्या तीस सेकंदांत पॉइंट पडला का. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि खरी गोष्ट तिथेच असते. समजा, एका संघाचे २४ किक-आउट, १८ मिळाले. ७५ टक्के, ऐकायला झकास. फोड करा : आखूड १५, त्यातले १४ मिळाले; लांब ९, त्यातले फक्त ४. म्हणजे समोरच्याने आखूड देणं बंद पाडलं की हा संघ अडकणार. त्यात ते हुकलेले पाच सलग दहा मिनिटांत गेले असतील आणि त्यातून समोरच्याने चार पॉइंट काढले असतील, तर सामना तिथेच गेलेला असतो. पडद्यावर मात्र ‘७५ टक्के’ झळकत असतं.

तिसरं, बोलणं. मध्यंतरातून जाहिराती आणि इतर भाग वजा केले की माणशी जेमतेम दीड मिनिट उरतं. पहिल्या वाक्यात प्रेक्षकाने कुठे पाहायचं ते सांगायचं : ‘डाव्या कडेला ११ नंबर बघा.’ एका क्लिपमध्ये चित्र फार तर दोनदा थांबवायचं, एक वर्तुळ, एक बाण. चार बाण काढले की कोणीच काही पाहत नाही. हे सगळं चालू असताना कानातल्या यंत्रातून निर्मात्याचा आवाज येत असतो : क्लिप तयार आहे, वीस सेकंद उरले, दहा. बोलता बोलता उलटी गिनती ऐकणं हे वेगळंच कौशल्य आहे. सराव सोपा आहे : एका कानात रेडिओवरच्या बातम्या लावायच्या आणि घड्याळ लावून एखादी क्लिप मोठ्याने समजावायची. पहिले काही दिवस वाक्यं अर्धवट तुटतात, मग सवय होते.

काही शब्द तोंडातून काढून टाकायचे. ‘भूक दिसली नाही’, ‘जिद्द कमी पडली’ यातून काहीच कळत नाही. ज्याला जिद्द कमी पडली म्हणतात तो खेळाडू बऱ्याचदा चुकीच्या जागी उभा असतो, कारण त्याच्या पुढच्याने आपली जागा सोडलेली असते. आणि निकाल माहीत असल्यामुळे शहाणपण सुचतं, तेही ओळखायला शिकावं लागतं. शेवटच्या मिनिटाला तीस मीटरवरून मारलेला फटका आत गेला तर ‘धाडस’, बाहेर गेला तर ‘घाई’. निर्णय मात्र तोच असतो.

स्वतःच्या काउंटीबद्दल बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. गप्प बसलात तर पक्षपाती, बोललात तर घरभेदी. टिरोनच्या अती बचावात्मक खेळावर कॅव्हनाने जाहीर टीका केली, ज्यांच्या हाताखाली तीन विजेतेपदं जिंकली त्या हार्टच्याच कारकिर्दीत, आणि गावाकडच्या काहींना ती झोंबली. इथे पद्धतीवर बोलावं, माणसावर नाही. खेळाडू हौशी असल्याने हे जास्तच लागू होतं, आणि स्टुडिओतून स्वतःच्या माणूसपणाचा निकाल ऐकलेल्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

२०२५ च्या मोसमापासून नियम पुन्हा बदलले आहेत. किक-आउट गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीपलीकडे गेलाच पाहिजे, कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटचे २, सामन्याच्या सुरुवातीच्या थ्रो-इनला (रेफरी मधोमध चेंडू उडवतो तेव्हा) प्रत्येक संघाचा एकच खेळाडू, आणि दोन्ही अर्ध्या भागांत प्रत्येक संघाचे किमान तिघं. क्लक्स्टनने जो आखूड चेंडू जन्माला घातला त्याचा मोठा भाग यात गेला आणि उंच झेल, ब्रेक, वर्तुळात वाट पाहणारे तिघं हे सगळं परत आलं. नोंदीच्या कागदावर ‘आखूड’चा रकाना आता जवळजवळ रिकामा राहतो. त्या जागी दोन नवे आखून घ्या : ब्रेक कोणत्या बाजूला पडला, आणि चेंडू पडताना वर्तुळात कोणाची माणसं जास्त होती.